प्रश्न विचारणे ‘हॅकिंग’ कधी ठरले? इंटरनेटची नामावली, न्यायालये आणि ‘अनधिकृत’ या शब्दाचा इतिहास

१/
जानेवारी २००८. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील कॅस काउंटीच्या जिल्हा न्यायालयाने एका दिवाणी दाव्याचा निकाल दिला. सिएरा कॉर्पोरेट डिझाइन ही कंपनी वादी होती आणि स्पॅमविरुद्ध काम करणारा एक कार्यकर्ता प्रतिवादी. त्याने २००५ मध्ये कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला एका ओळीची आज्ञा पाठवली होती. सर्व्हरने पासवर्ड न मागता तिचे उत्तर दिले. तरीही न्यायालयाने ही कृती राज्याच्या संगणक-गुन्हे कायद्याच्या अर्थाने ‘अनधिकृत’ ठरवली.

२/
ती आज्ञा होती ‘होस्ट -एल’. युनिक्स किंवा लिनक्सवर काम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती पहिल्या काही महिन्यांतच भेटते. अशी साधने घरफोडीच्या हत्यारांत कशी जमा झाली, हे समजण्यासाठी एक निकाल पुरेसा नाही. त्यासाठी दोन इतिहास शेजारी ठेवावे लागतात: इंटरनेटच्या नामावलीचा आणि संगणकविषयक कायद्यातील ‘अनधिकृत’ या एका शब्दाचा.

३/
पहिला इतिहास कॅलिफोर्नियात सुरू होतो. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील संगणकांची नावे व पत्ते १९७० च्या दशकात एकाच फाइलमध्ये लिहिले जात. ती फाइल मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात सांभाळली जाई. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडायचा असेल तर केंद्राला कळवायचे, केंद्राने नाव नोंदवायचे आणि जाळ्यातील इतरांनी अद्ययावत फाइल आपल्याकडे उतरवून घ्यायची, अशी रीत होती. त्या काळी संपूर्ण यादी मागणे हीच जाळ्यावर राहण्याची पूर्वअट होती, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

४/
विचारपूस करणारी इतर साधनेही याच वातावरणात जन्मली. लेस अर्नेस्ट यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘फिंगर’ लिहिले. कोण कामावर आहे आणि कोण कधी येऊन गेले, एवढे ते सांगे. पुढे ‘हूइज’ आले. नावामागे कोणती व्यक्ती वा संस्था आहे हे सांगणाऱ्या या सेवेचा नियम १९८२ मध्ये लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाला. काही बिघडले तर कोणाशी बोलायचे, हे ठाऊक असावे हा तिच्यामागचा व्यावहारिक हेतू होता. या जाळ्यात उत्तरदायित्व आणि विचारपूस ही एकाच नाण्याची दोन अंगे होती.

५/
जाळे वाढले तशी एक फाइल अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. तिची सुधारित मानके १९८७ मध्ये आली. आता सर्व नावे एका जागी ठेवण्याची गरज उरली नाही. प्रत्येक संस्था आपापल्या नावांच्या क्षेत्राचे दप्तर आपल्या सर्व्हरवर सांभाळू लागली. त्या क्षेत्राला ‘झोन’ म्हणतात.

६/
एकच सर्व्हर बंद पडला तर त्या क्षेत्रातील सारी नावे अदृश्य होतील. म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर दप्तराची प्रत हवी. ती प्रत उतरवून घेण्याच्या पद्धतीला ‘झोन ट्रान्स्फर’ म्हणतात आणि ती १९८७ च्या मानकांतच वर्णिलेली आहे. तलाठ्याकडे एका गटाचा सातबारा मागणे ही डीएनएसची रोजची विचारणा झाली. गावाचे संपूर्ण दप्तर मागणे म्हणजे झोन ट्रान्स्फर. ‘होस्ट -एल’ हेच दुसरे काम करते. दप्तर कोणाला द्यायचे हे सर्व्हरचा चालक ठरवू शकतो. ठरावीक पत्त्यांखेरीज इतरांना नकार देण्याची सोय सर्व्हरच्या मांडणीत असते. ती वापरली नाही, तर सर्व्हर मागेल त्याला दप्तर देऊ शकतो.

७/
दुसरा इतिहास कायद्याचा आहे आणि त्याचे एक टोक चित्रपटगृहात आहे. १९८३ मध्ये ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट आला. त्यात एक शाळकरी मुलगा फोनवरून संगणक शोधता शोधता अमेरिकेच्या अण्वस्त्र यंत्रणेपर्यंत पोहोचतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि असे खरोखर घडू शकते का, अशी विचारणा आपल्या लष्करी अधिकाऱ्यांकडे केली. अमेरिकी संसदेच्या अहवालातही त्या चित्रपटाचा उल्लेख झाला. १९८४ मध्ये संगणक-गुन्ह्यांचा पहिला संघीय कायदा झाला आणि १९८६ मध्ये त्याचे विस्तारित रूप, संगणक फसवणूक व गैरवापर कायदा, अस्तित्वात आले.

८/
या कायद्याचा कणा आहे ‘अधिकाराविना’ प्रवेश हा शब्दप्रयोग. गंमत अशी की ‘अधिकाराविना’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने दिलीच नाही. घराच्या बाबतीत दार, कुलूप आणि उंबरठा डोळ्यांना दिसतात. सर्व्हरला उंबरठा कोठे असतो? प्रश्न पाठवला तेव्हा तो ओलांडला, की उत्तर आले तेव्हा, की मालकाच्या मनाविरुद्ध उत्तर आले तेव्हा? व्याख्येची ही रिकामी जागा न्यायालयांनी भरायची होती, आणि त्यांनी ती एकसारखी भरली नाही.

९/
पहिली मोठी कसोटी मॉरिस वर्मच्या खटल्यात लागली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला कार्यक्रम संगणकामागून संगणक ठप्प करत गेला. त्याने ज्या मार्गांनी शिरकाव केला त्यांपैकी एक होता ‘फिंगर’, तेच निरुपद्रवी विचारपुशीचे साधन. मात्र या कार्यक्रमाने फिंगरला काहीही विचारले नव्हते. त्याने त्यातील प्रोग्रामिंगच्या चुकीचा फायदा घेऊन स्वतःची आज्ञावली समोरच्या यंत्रात घुसवली होती.

१०/
अपील न्यायालयाने १९९१ मध्ये शिक्षा कायम करताना हाच भेद नेमका पकडला. मॉरिसने फिंगरचा वापर दुसऱ्या वापरकर्त्याविषयी माहिती मिळवण्यासाठी केला नाही, त्यातील भोक शोधून वेगळा चोरमार्ग काढला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. साधन ज्या कामासाठी आहे त्या कामासाठी वापरले की नाही, ही कसोटी यातून जन्मली. तिच्यात दोष आहेत. परंतु दाराशी विचारणा करणे आणि भिंत फोडणे यांतील अंतर तिला दिसत होते.

११/
नोव्हेंबर २००० मध्ये जॉर्जियातील संघीय न्यायालयापुढे ‘पोर्ट स्कॅन’चा प्रश्न आला. पोर्ट स्कॅन म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या सेवा चालू आहेत हे तपासणे. माउल्टन विरुद्ध व्हीसी३ या खटल्यात न्यायालयाने म्हटले की स्कॅनमुळे माहितीच्या अखंडतेला वा उपलब्धतेला बाधा आलेली नाही, म्हणून संघीय कायद्याला अभिप्रेत असलेले नुकसान येथे झालेले नाही. केवळ चौकशी करून शोध घेण्याचा खर्च हे नुकसान मानायला न्यायालय तयार नव्हते. तोवर तराजू बऱ्यापैकी स्थिर होता.

१२/
सिएरा खटल्यात तो कलला. न्यायालयाची मुख्य मांडणी अशी होती: झोन ट्रान्स्फर ही एकाच मालकाच्या मुख्य व दुय्यम सर्व्हरमधील व्यवहारासाठी आहे, त्रयस्थासाठी नाही. अशा आज्ञा सामान्य संगणक-वापरकर्त्याला ठाऊक नसतात. आणि प्रत्येक यशस्वी प्रवेश ‘अधिकृत’ मानला तर संगणक-गुन्ह्यांचे कायदेच उलटेपालटे होतील. प्रतिवादीच्या अनधिकृत उद्योगांच्या यादीत न्यायालयाने पोर्ट स्कॅन तर घातलेच, शिवाय हूइज नोंदी संकलित करून प्रसिद्ध करणेही घातले. त्याला नुकसानभरपाईचा भुर्दंड बसला.

१३/
यातील तिसरा मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टिंगलीवारी नेणे अन्यायाचे होईल. चोरलेला पासवर्डही सर्व्हर स्वीकारतो. म्हणून चोराला अधिकार मिळत नाही. मॉरिसच्या आज्ञावलीलाही यंत्रांनी ‘होकार’च दिला होता. ‘यंत्राने दिले म्हणून चालते’ हा युक्तिवाद सरसकट स्वीकारला तर कोणताही घुसखोर निर्दोष ठरेल. न्यायाधीशांची भीती निराधार नव्हती. कंपनीला आपल्या अंतर्गत यंत्रांची नावे बाहेर पडू नयेत असे वाटणेही स्वाभाविकच होते.

१४/
परंतु या भीतीचे उत्तर दुसऱ्या टोकाला जाऊन मिळत नाही. चोरलेला पासवर्ड वापरणारा आपण दुसरेच कोणी आहोत असे भासवतो. मॉरिसचा कार्यक्रम यंत्राकडून त्याच्या रचनेबाहेरचे काम करवून घेतो. झोन ट्रान्स्फर मागणारा यांपैकी काहीच करत नाही. तो मानकात लिहिलेला प्रश्न मानकात लिहिलेल्या पद्धतीने विचारतो, आणि नकार देण्याची पूर्ण क्षमता असलेले यंत्र नकार देत नाही. कारकुनाने विचारणाऱ्याच्या हाती सबंध दप्तर ठेवले, तर दोष कचेरीच्या शिस्तीचा असू शकतो. विचारणाऱ्याने कचेरी फोडली असे कोणी म्हणत नाही.

१५/
दुसरा मुद्दा सर्वांत धोकादायक आहे. ‘सामान्य वापरकर्त्याला ठाऊक नाही’ हे माहितीचे वर्णन आहे, अधिकाराचे नव्हे. मोडी वाचता येणाऱ्याला दप्तरखान्यात इतरांहून अधिक दिसते. त्यामुळे त्याचे वाचन घुसखोरी होत नाही. अपरिचय हाच संशयाचा आधार मानला, तर ज्याला यंत्र अधिक कळते तो प्रत्येक माणूस आपोआप अर्धा आरोपी होतो. त्यात जाळ्याची देखभाल करणारे, सुरक्षेची तपासणी करणारे आणि स्पॅमचा माग काढणारे असे सगळे येतात.

१६/
मिळालेल्या माहितीचे पुढे काय केले, हा प्रश्न अर्थात उरतोच. ती प्रसिद्ध करून कोणाचे नुकसान केले असेल, तर त्यासाठी गोपनीयतेचे, व्यापारी गुपितांचे, बदनामीचे कायदे आहेत आणि प्रत्येकाला आपापल्या कसोट्या आहेत. या सर्वांऐवजी ‘अनधिकृत प्रवेश’ हे एकच जाळे टाकले की पुढील कृतीचा राग मागील प्रश्नावर निघतो. सिएराचा निकाल खालच्या न्यायालयाचा होता. इतर न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. मात्र त्याच्यामागची विचारसरणी त्या काउंटीपुरती राहिली नाही.

१७/
फ्रान्समध्ये एका ब्लॉगलेखकाला गूगलवर शोध घेताना राष्ट्रीय आरोग्य-सुरक्षा संस्थेची कागदपत्रे सापडली. संस्थेच्या चुकीमुळे ती उघडी पडली होती. खालच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पॅरिसच्या अपील न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी ३,००० युरोंचा दंड केला आणि सर्वोच्च स्तरावर २० मे २०१५ रोजी तो कायम झाला. न्यायालयाने गूगलवरून आत येणे गुन्हा मानले नाही. पण मुखपृष्ठावर पासवर्डची विचारणा दिसल्यानंतरही तो तेथेच थांबला आणि कागद उतरवून घेतले, हे त्याला भोवले. या निकालाशी मतभेद होऊ शकतो, तरी त्यात निदान एक प्रामाणिक प्रश्न आहे: बंदी आहे हे माणसाला कळले होते का?

१८/
अमेरिकेत २०१० मध्ये एटी अँड टीच्या संकेतस्थळाचे प्रकरण घडले. पत्त्यातील अनुक्रमांक बदलत गेल्यास आयपॅड वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते दिसत. असे एक लाखाहून अधिक पत्ते गोळा झाले. एका आरोपीला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, पण खटला चुकीच्या राज्यात चालवला गेला या कारणावरून. अनुक्रमांक बदलणे म्हणजे प्रवेश का, हा मूळ प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहिला.

१९/
अखेर ३ जून २०२१ रोजी व्हॅन ब्युरन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ आकसून घेतला. जॉर्जियातील एका पोलीस अधिकाऱ्याने पैसे घेऊन वाहन क्रमांकाची माहिती अधिकृत डेटाबेसमधून काढली होती. वर्तन उघडच भ्रष्ट होते. तरीही सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ठरवले की ज्या माहितीपर्यंत जाण्याची मुभा आहे, ती वाईट हेतूने पाहिल्याने या कायद्याखालचा गुन्हा होत नाही. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी दिलेल्या बहुमताच्या निकालात फाटकाची उपमा आहे: फाटक एक तर उघडे असते किंवा बंद.

२०/
उपमा चांगली आहे, पण एका तळटीपेत न्यायालयाने महत्त्वाची गोष्ट मोकळी सोडली. हे फाटक तांत्रिकच असावे लागते की करारातील वा धोरणातील वाक्यही फाटक ठरू शकते, हे ठरवले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिसूरीच्या राज्यपालांनी एका वृत्तपत्राच्या पत्रकाराला हॅकर म्हटले. सरकारी संकेतस्थळाच्या पानाच्या मूळ एचटीएमएलमध्ये शिक्षकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक उघडे आहेत, हे त्याने दाखवून दिले होते आणि दोष दुरुस्त होईपर्यंत बातमी रोखली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरण्यास नकार दिला. न्यायालयात जे टिकले नसते, ते धमकी म्हणून चार महिने टिकले.

२१/
भारतीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा पायाही ‘मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना’ हाच आहे आणि माहिती उतरवून घेणे, तिची प्रत काढणे यांचा त्यात उल्लेख आहे. कलम ६६ खाली फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी मात्र अप्रामाणिकपणा किंवा लबाडी लागते. दिवाणी भरपाई आणि तुरुंग यांमध्ये हेतूची ही पायरी ठेवणे शहाणपणाचे आहे. तरी ‘परवानगी’ कशाला म्हणावे, ही रिकामी जागा येथेही आहे. सिएराचा दावा दिवाणीच होता, हे येथे आठवावे.

२२/
ही रिकामी जागा भरण्यासाठी या सर्व निकालांतून एक साधी त्रिसूत्री हाती येते. कुलूप होते का? ते फसवून वा फोडून उघडले का? प्रवेश मना आहे हे समोरच्याला स्पष्ट कळले होते का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर ती विचारणा आहे, प्रवेश नव्हे. मग विचारणारा कितीही त्रासदायक, उद्धट वा नावडता असो. मालकाची नंतरची नाराजी आणि न्यायाधीशाचे तांत्रिक अपरिचित्व ही कुलपाची जागा घेऊ शकत नाहीत.

२३/
यात पणाला लागलेली गोष्ट एका कार्यकर्त्याच्या दंडापेक्षा मोठी आहे. स्पॅम कोठून येतो, बनावट बँकेचे संकेतस्थळ कोणी नोंदवले, सरकारी सर्व्हरवर नागरिकांची माहिती उघडी पडली आहे का, हे शोधणारा माणूस डीएनएस, हूइज आणि पोर्ट स्कॅन यांवाचून काम करू शकत नाही. गुन्हेगार ही साधने न्यायालयाला विचारून वापरत नाही. निकालाची धास्ती फक्त सरळमार्गी माणसाला बसते. तो दोष पाहतो आणि गप्प राहतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये सद्‍हेतूने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले, ते याच जाणिवेतून. पण धोरण आज आहे, उद्या बदलेल. आणि सिएरासारख्या खासगी दाव्याला ते अडवतही नाही.

२४/
फाइनलर यांच्या केंद्रात संपूर्ण यादी मागणारा माणूस जाळ्याचा जबाबदार सभासद समजला जाई. पाव शतकाने तीच मागणी करणारा न्यायालयात अपराधी ठरला. दरम्यान जाळे अनोळखी आणि असुरक्षित झाले, हे खरे. त्यामुळे दारांना कुलपे लावणे आवश्यक झाले, हेही खरे. मात्र कुलूप लावण्याचे काम दाराच्या मालकाचे आहे. ते त्याने केले नाही म्हणून रस्त्यावरून विचारणा करणाऱ्याला घरफोड्या ठरवणे हा न्याय नव्हे. तो मालकाच्या निष्काळजीपणाचा खर्च दुसऱ्याच्या नावे टाकणे होय.